प्याल्याचे अनेकवचन

वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली चुलत्यांबरोबर उत्तर हिंदुस्थानात जावयास निघाले, तेव्हा घरच्या वडीलधाऱ्यांना दोन गोष्टींची धास्ती वाटत होती: तिकडची भांग आणि तिकडच्या स्त्रिया. बंडाची वार्ता तेव्हा कोकणात पोहोचलेली नव्हती. बायजाबाई शिंदे मथुरेस यज्ञ करणार, दक्षिणा मोठी मिळणार आणि घरचे कर्ज फिटणार, एवढाच हिशेब होता. पुढे हा भिक्षुक झाशीच्या वेढ्यात सापडला, लूट आणि कत्तल पाहून परतला, आणि त्याने लिहिलेला 'माझा प्रवास' चिंतामण विनायक वैद्यांनी संस्कार करून १९०७ साली प्रसिद्ध केला. मूळ संहिता वाचकांना दत्तो वामन पोतदारांमुळे १९६६ साली मिळाली. झाशीच्या हकिगतीसाठी हे पुस्तक आपण वाचतो. वडिलधाऱ्यांच्या त्या इशाऱ्याकडे मात्र हसून दुर्लक्ष करतो. वास्तविक मराठी पांढरपेशा मनाचा पेयांविषयीचा सारा दृष्टिकोन त्यात साठवलेला आहे. उत्तरेत भांग घरोघर निराळी असते. कोठे बदाम-खसखस, कोठे बडीशेप-मिरी, कोठे नुसते पाणी. परंतु वरसईच्या ओसरीवर तिला चव नव्हती. ती एका धोक्याचे नाव होती.

२१ मार्च १८५८ रोजी सर ह्यू रोजची फौज झाशीपुढे आली आणि ३ एप्रिलला शहरात शिरली. या फौजेत मुंबई इलाख्यातील पलटणी होत्या. त्या काळच्या गोऱ्या शिपायाचे पेय म्हणजे रम आणि पोर्टर नावाची काळसर बिअर. अधिकाऱ्यांच्या मेजावर फिकट, कडवट 'पेल एल' असे. ही फिकट बिअर प्रथम लंडनजवळच्या बो येथील हॉजसनच्या भट्टीतून येई; १८२२ नंतर बर्टन गावच्या ऑलसॉप आणि बास यांनी तो व्यापार आपल्याकडे ओढला. एकाच छावणीत हुद्द्याप्रमाणे पेला बदलत होता. तटाच्या आत अडकलेल्या भिक्षुकाला आणि बाहेरच्या शिपायाला परस्परांच्या पेयांची चव ठाऊक असण्याचे कारण नव्हते, आणि जिज्ञासाही नव्हती.

या दोन जगांना जोडणारा एक शब्द मात्र पुढे निपजला, आणि तो नाशिकजवळच्या देवळालीत. १८६१ साली तेथे लष्कराचा मुक्कामी तळ उभारला गेला. मुदत संपलेले गोरे शिपाई हिंदुस्थानभरातून तेथे येत आणि मायदेशी नेणाऱ्या जहाजाची वाट पाहत बसत. जहाजे हिवाळ्यातच सुटत. ज्याचे जहाज चुकले त्याला महिनोन्‌महिने रिकामे बसावे लागे. ऊन, दारू, ताप आणि कंटाळा यांनी डोके फिरलेल्या शिपायाला 'डुलाली टॅप' झाला असे म्हणू लागले. फ्रँक रिचर्ड्‌स या शिपायाने १९३६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या आठवणींत या रोगाचे वर्णन केले आहे. 'डुलाली' म्हणजे आपली देवळाली, आणि 'टॅप' म्हणजे आपला ताप. दोन्ही शब्द आपल्या ओळखीचे; इंग्रजीने ते उचलले आणि वेड्याला लावले. झाशीहून मुंबईला येणारी गाडी आजही याच देवळालीवरून जाते.

हे सारे आठवायचे कारण असे की, २००९ साली पुण्यात महाराष्ट्रातील पहिली मायक्रोब्रुअरी सुरू झाली, तिचे नाव 'डुलाली'. जेथे बिअर शिजते तेथेच ती नळातून काढून देण्याची ही पद्धत. देवळालीचा शब्द शंभराहून अधिक वर्षे इंग्रजीत भटकून, वेशांतर करून, पुण्यात परतला. पण मराठी उच्चार टाकूनच. त्याबद्दल तक्रार करावी असे मला वाटत नाही. शब्दांनाही प्रवास असतो.

अशा ठिकाणी नवख्या गिऱ्हाइकापुढे प्रथम मोठा पेला ठेवीत नाहीत. लाकडाच्या लांबट फळीवर चार-पाच लहान पेले मांडून आणतात. फिकटापासून आरंभ करावा आणि काळ्याशी थांबावे असा संकेत आहे. कारण कडू आणि भाजका स्वाद आधी घेतला तर मागून येणारे हलके पेय जिभेला पाणी वाटते. पहिल्या पेल्यातील गव्हाची बिअर जर्मन वळणाची असते. तिला पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. मात्र तिच्यात ना केळे असते ना लवंग. तो वास यीस्टच उत्पन्न करते. दुसरी बेल्जियन धर्तीची, तिच्यात मात्र खरोखरच धणे आणि संत्र्याची साल घालतात. तिसरीत हॉप्स या वेलीच्या फुलांचा कडूपणा, आणि चौथी काळी, करपण्याच्या उंबरठ्यापर्यंत भाजलेल्या सातूची, जिला कॉफीचा एक दाणाही न घालता कॉफीचा गंध असतो.

आता या चार पेल्यांचे वर्णन मराठीत करावयाचे म्हटले तर अडचण कोठे येते? शब्दांत येत नाही. काळ्या बिअरला 'खरपूस' याहून नेमके विशेषण सापडणार नाही, आणि ते भाकरीने आपल्याला दिले आहे. तुरट, आंबूस, कडसर, उग्र, खमंग ही सारी विशेषणे स्वयंपाकघरात तयार आहेत. बिअरची कृतीही परकी नाही. सातू भिजवून त्याला मोड आणायचे, ते वाळवून भाजायचे, भरडून त्याचा गोड काढा करायचा, उकळायचा, निववायचा आणि आंबवायचा. मटकीची उसळ, धिरडी आणि आंबील करणाऱ्या गृहिणीला यातील एकही पायरी समजावून सांगावी लागणार नाही. अडचण अशी की, हे शब्द आणि हा पेला यांची गाठ मराठी वाङ्मयाने कधी पडूच दिली नाही.

प्राचीनांना ही अडचण नव्हती. कौटिल्याने सुराध्यक्षाच्या प्रकरणात मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय आणि मधु असे सहा प्रकार वेगळे सांगितले आहेत. त्यांतील मेदक तांदळाचे, म्हणजे बिअरचेच सगोत्र. ते आंबवण्यासाठी लागणाऱ्या द्रव्याला त्याने 'किण्व' म्हटले आहे. हा शब्द आज आपल्या विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात 'किण्वन' होऊन बसला आहे. पेय विसरले गेले, परिभाषा राहिली. आसव आणि अरिष्ट यांनी तर औषधाचा आश्रय घेतला. दारूचे नाव काढताच कानावर हात ठेवणाऱ्या घरातही बाळंतिणीसाठी दशमूलारिष्टाची बाटली फडताळात असे, आणि धायटीच्या फुलांनी आंबलेल्या त्या काढ्यात मद्यार्क असतो याची वाच्यता कोणी करीत नसे.

वाङ्मयात राहिला तो 'एकच प्याला'. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी गेले आणि त्यानंतर त्याच वर्षी हे नाटक गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. 'एकच' या शब्दाचे दोन अर्थ सर्वांनाच दिसतात: तळीरामाच्या तोंडी तो आमिष असतो, सुधाकराच्या नशिबी तो शाप ठरतो. मला त्यात तिसराही अर्थ ऐकू येतो. येथे पेय एकच आहे. सुधाकर काय पितो याला महत्त्व नाही. पितो याला आहे. चव हा या शोकात्मिकेचा विषय नाही, आणि सिंधूच्या दृष्टीने पाहिले तर तो असूही शकत नाही.

परंतु प्याला एकच का उरला, याचे उत्तर केवळ नीतिमत्तेत शोधून भागणार नाही. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने मद्यनिर्मिती मक्त्यात आणि मोठ्या भट्ट्यांत कोंडली. ताडी काढणाऱ्यांवर झाडागणिक कर बसला, तेव्हा सौम्य ताडी महाग झाली आणि गाळलेल्या कडक दारूचे फावले. १८९२ च्या मोह कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावरच निर्बंध आले. गावोगावची निरनिराळी पेये गुन्हा ठरली आणि सरकारला महसूल देणारी बाटली कायदेशीर राहिली. जोतीराव फुल्यांनी १८८० साली पुणे नगरपालिकेत दारूच्या दुकानांविरुद्ध आवाज उठवला आणि १९०८ साली टिळकांच्या अनुयायांनी पुण्यात दुकानांपुढे निरोधन केले, ते या पार्श्वभूमीवर. गडकऱ्यांचा एकवचनी प्याला अबकारी खात्यानेही घडवलेला आहे, हे आमच्या समीक्षेने (माझ्याही) पुरेसे पाहिले नाही. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने त्यावर शिक्कामोर्तब केले. त्या कायद्याखालचा पिण्याचा परवाना प्रकृतीच्या रक्षणासाठी म्हणून दिला जातो. दशमूलारिष्टाचा न्याय येथेही आहेच.

तरीही पुण्याच्या त्या फळीवरील चार पेल्यांकडे पाहून हुरळून जाण्यास मी तयार नाही. दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये (१९७८) बापाचे पिणे येते, त्यानंतरच्या अनेक दलित आणि भटक्यांच्या आत्मकथनांतही ते येते. तेथे घोटाघोटाने चव घेण्याचा अवकाशच कोणाला नाही. गडचिरोलीत लोकांच्या आंदोलनातून १९९३ साली दारूबंदी आली. शेजारच्या चंद्रपुरात ती २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. गावातील दारूचे दुकान बंद करण्यासाठी स्त्रिया मतदान करतात तेव्हा चिठ्ठीवर दोन चित्रे असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. आडव्या बाटलीवर शिक्का मारणाऱ्या बाईला बाटलीत काय आहे, हे विचारण्याचा अधिकार रसिकाला पोहोचत नाही. पेल्याला अनेकवचन लाभते ते खिशात पैसा आणि घरात स्वस्थता असेल तेथे.

मोहाचे दैव मात्र थोडे पालटू लागले आहे. २०२१ साली मध्य प्रदेश शासनाने मोहाच्या दारूला वारसा-मद्याचा दर्जा देण्याचे जाहीर केले. झाशी उत्तर प्रदेशात. पण शीव ओलांडली की दतिया आणि निवाडी, आणि तेथपासून मध्य प्रदेश. मोहाचे झाड ही शीव मानीत नाही. गोडसे भटजी शहरात जीव मुठीत धरून बसले होते ते दिवस चैत्राचे, म्हणजे बुंदेलखंडात मोहाची फुले गळण्याचे आणि पहाटे टोपल्या घेऊन ती वेचण्याचे.