लहान मैदान, मोजके खेळाडू : जर्मन बालफुटबॉलची नवी घडी

जर्मन फुटबॉल महासंघाने 2024-25 च्या हंगामापासून 11 वर्षांखालील मुलामुलींसाठी छोट्या संघांचे सामने देशभर बंधनकारक केले. सर्वांत लहान वयोगट दोन विरुद्ध दोन किंवा तीन विरुद्ध तीन खेळतो; पुढे ही संख्या टप्प्याटप्प्याने पाच आणि सातपर्यंत वाढते.

यामागचे गणित सरळ आहे. 105 बाय 68 मीटरच्या पूर्ण मैदानावर 22 खेळाडूंपैकी प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे 325 चौरस मीटर जागा येते. 28 बाय 22 मीटरच्या मैदानावर सहा जणांत ती जेमतेम 100 चौरस मीटर उरते. चेंडू कोणापासूनच फार दूर नसतो. मोठ्या संघात बुजरे किंवा अंगाने लहान मूल सामनाभर चेंडूवाचून धावत राहते. येथे त्याला लपायला जागाच नाही. प्रत्येक बाजूला दोन छोटे गोल असतात. एकासमोर गर्दी झाली की चेंडू दुसरीकडे वळवावा, हे मग प्रशिक्षकाला ओरडून सांगावे लागत नाही.

2018 आणि 2022 च्या विश्वचषकांत जर्मनी गटसाखळीतच बाद झाला. मात्र हा निर्णय कतारमधील स्पर्धेपूर्वी, मार्च 2022 मध्येच झाला होता. मुले पराभव पचवायला शिकणार नाहीत, अशा आशयाची टीका महासंघाचे तत्कालीन उपाध्यक्ष हान्स-योआखिम वाट्झके यांनी 2023 मध्ये केली. ती अर्धीच खरी म्हणावी लागेल. लहान गटांत हंगामाचा गुणतक्ता नसतो, हे खरे. पण गोल मोजले जातात. शेजारीशेजारी आखलेल्या मैदानांवर जिंकणारा संघ एक मैदान पुढे सरकतो, हरणारा एक मागे. त्यामुळे पुढचा प्रतिस्पर्धी बहुधा तुल्यबळ मिळतो. गोलरक्षकांचा प्रश्न अधिक वजनदार आहे. तीन विरुद्ध तीनच्या खेळात गोलरक्षकच नसतो.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. लांब पास, मोकळ्या जागेतील वेगवान धाव यांचा सराव अरुंद चौकटीत होत नाही. वय वाढेल तसे मैदानही वाढवावे लागते. इंग्लंडमध्ये 12 वर्षांखालील मुले नऊ विरुद्ध नऊ खेळतात आणि त्यानंतर पुढे पूर्ण संघात येतात.

भारतात अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने 2018 मध्ये ‘गोल्डन बेबी लीग’ सुरू केली. 12 वर्षांपर्यंतच्या मुलामुलींसाठीच्या या स्पर्धांतही लहान मैदान आणि कमी खेळाडू हेच सूत्र होते.