माशी, चाप आणि मन

आमच्या कडेगावात दिवाळीच्या दिवसांत टिकल्यांच्या पिस्तुलांचा सुकाळ असतो. पोरे भिंतीवर, कुंपणावर, एकमेकांच्या पाठीवर नेम धरतात आणि चाप ओढण्याच्या क्षणी नेमके डोळे मिटून घेतात. आवाज होण्यापूर्वीच मान आखडते, मनगट खाली झुकते. लहानपणी मीही हेच करीत असे. पुढे नेमबाजीच्या इतिहासाचा नाद लागला तेव्हा ध्यानात आले की, मोठमोठ्या नेमबाजांची उमेदीची वर्षे या एका खोडीशी झगडण्यातच गेली आहेत.

नेमबाजी म्हटली की आपल्याला अर्जुन आठवतो. त्याला म्हणे पक्ष्याचा डोळाच तेवढा दिसत होता. पिस्तुलाच्या बाबतीत मात्र हा आदर्श उलटा लागू पडतो! पिस्तुलाच्या नळीच्या टोकाशी एक लहानसा उंचवटा असतो. त्याला आपल्याकडे माशी म्हणतात. मागच्या बाजूस एक खाच असते. ही माशी त्या खाचेत मधोमध आणि वरून समतल दिसली पाहिजे. माणसाच्या डोळ्याला जवळचे आणि लांबचे एकाच वेळी स्वच्छ दिसत नाही. तेव्हा कसलेला नेमबाज माशीवर नजर ठेवतो आणि लक्ष्य अंधूक राहू देतो. अर्जुनाने पिस्तूल हाती घेतले असते, तर द्रोणाचार्यांना त्याला निराळा धडा द्यावा लागला असता.

हे असे का, ते समजावे म्हणून आमच्या गावचे ताबूत आठवतो. मोहरमात कडेगावचे ताबूत पाहायला दूरदूरची माणसे येतात, आणि खांदा देणाऱ्यांत हिंदू-मुसलमान दोन्ही असतात. त्या उंचच उंच ताबुताचा तळ बोटभर कलला तरी शेंडा कितीतरी झुकतो. तोच हिशेब येथे आहे. 25 मीटरच्या स्पर्धेतील पिस्तुलाची माशी आणि खाच यांत नियमाप्रमाणे फार तर 220 मिलिमीटर अंतर असते. माशी खाचेत 1 मिलिमीटर बाजूला सरकली, तर 25 मीटरवर गोळी 11 सेंटिमीटरहून अधिक भरकटते. दहा गुणांचे वर्तुळ असते अवघे 5 सेंटिमीटर व्यासाचे. म्हणजे दहाऐवजी सहाच गुण पदरात पडायचे. उलट माशी आणि खाच जुळलेली असताना सबंध हातच 1 मिलिमीटर सरकला, तर गोळीही तेवढीच सरकते. हात हलणारच, मनुष्याचा हात आहे, खांब नव्हे. म्हणून जाणते शिक्षक सांगतात की हात हलतो तो हलू द्या, माशी सांभाळा. ज्याला हात अगदी थिजवायचा असतो, तो त्या हट्टापायीच चाप हिसकतो.

आणि चाप हिसकला की सारेच बिघडले. या पिस्तुलाच्या चापाला किमान 1 किलोचा भार पेलावा लागतो. तो भार बोटाने हळूहळू वाढवीत न्यायचा. गोळी नेमकी कोणत्या क्षणी सुटेल हे आपणच आपल्याला कळू द्यायचे नाही. कळले की टिकलीवाल्या पोरासारखे मनगट झुकलेच म्हणून समजा. ही सवय मोडायला गोळी लागतच नाही. रिकामे पिस्तूल कोऱ्या भिंतीवर रोखून चाप ओढायचा आणि माशी तसूभर हलली का ते पाहायचे. हे काम मोठे कंटाळवाणे आहे, पण त्याला पर्याय नाही.

आपल्या देशात या खेळाला संघटित रूप आले ते 1951 साली. राष्ट्रीय रायफल संघटना त्या वर्षी स्थापन झाली, आणि तिचे पहिले अध्यक्ष होते ग. वा. मावळंकर. पुढल्याच वर्षी ते लोकसभेचे पहिले सभापती झाले. सभागृहातला गोंगाट शमविणाऱ्या गृहस्थाने बंदुकांच्या संघटनेचे अध्यक्षपद भूषवावे, याची मला नेहमी मौज वाटते. त्यांच्या नावाची स्पर्धा नेमबाजांच्या परिचयाची आहे.

मनाच्या बळाची गोष्ट निघाली की हंगेरीच्या कारोली ताकाच यांचे नाव घ्यावेच लागते. सैन्यातला हा नेमबाज. 1938 साली हातबाँब फुटून त्याचा उजवा हात निकामी झाला. त्याने गुपचूप डाव्या हाताने सराव मांडला आणि 1939 मध्ये आपल्या देशाची स्पर्धा जिंकली. महायुद्धाने दोन ऑलिंपिके गिळली. 1948 साली लंडनला तो उतरला तेव्हा वय होते अडतीस. अर्जेंटिनाच्या जगज्जेत्याने त्याला, येथे कशाला आलास, असे विचारले आणि शिकायला आलो असे उत्तर मिळाले, अशी आख्यायिका आहे. ताकाचने सुवर्णपदक जिंकले. तो अर्जेंटिनाचा वीर दुसरा आला. 1952 मध्ये हेलसिंकीला ताकाचने पुन्हा सुवर्णपदक घेतले.

पण लंडन-हेलसिंकीपर्यंत तरी कशाला जावे? आमच्या शेजारच्या कोल्हापुरातच राही सरनोबत आहेत. शाळेत असताना एन.सी.सी.त त्यांनी प्रथम बंदूक हाती घेतली. 2013 साली दक्षिण कोरियात चांगवॉन येथे विश्वचषक स्पर्धेत त्यांनी 25 मीटर पिस्तुलाचे सुवर्णपदक मिळविले. पिस्तुलात भारताला असे यश पूर्वी लाभले नव्हते. नंतर कोपराच्या दुखापतीने त्यांना बराच काळ खेळापासून दूर ठेवले.

22 ऑगस्ट 2018. इंडोनेशियातील पालेमबांग, आशियाई क्रीडास्पर्धेची अंतिम फेरी. प्राथमिक फेरीत राही सातव्या होत्या. पहिल्या होत्या मनू भाकर, 593 गुणांच्या. अंतिम फेरीत मागचे गुण पुसले जातात. पिस्तूल खाली धरून उभे राहायचे. इशारा झाला की हात वर, माशी खाचेत, चाप, आणि हे सारे 3 सेकंदांत. पुन्हा 7 सेकंद थांबायचे. खरी परीक्षा त्या 7 सेकंदांत असते, असे माझे मत आहे, कारण तेवढ्यात मन मागच्या चुकलेल्या गोळीकडे धाव घेते. 50 गोळ्यांनंतर राही आणि थायलंडची यांगपाईबून यांचे वेध सारखेच, 34. जादा पाच गोळ्या झाल्या, दोघींचे चार-चार. पुन्हा पाच. या वेळी राहींचे तीन, तिचे दोन. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्ण जिंकणारी पहिली भारतीय स्त्री ठरली ती एका गोळीच्या फरकाने.

येथेच थांबलो असतो तर गोष्ट गोड झाली असती. पण इतिहास लिहायचा तर पुढचेही सांगितले पाहिजे. जून 2021 मध्ये क्रोएशियातील ओसियेक येथे राहींनी 50 पैकी 39 वेध घेऊन विश्वचषकाचे सुवर्ण जिंकले. महिनाभराने टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये त्याच हाताने त्या प्राथमिक फेरीतच बत्तिसाव्या आल्या. त्या दिवशी घरी कुणीतरी म्हणाले, दडपण आले असेल. असेलही. मी मात्र ओट्यावर गेलो. शेजारचा पोरगा गतवर्षीचे टिकलीचे पिस्तूल घेऊन खांबावर नेम धरीत होता. टिकल्या केव्हाच संपल्या होत्या. नुसताच चाप ओढीत होता, आणि डोळे मात्र टक्क उघडे होते.