ईएमजी : स्नायूंचा विद्युत् आलेख

स्नायू आकुंचन पावताना त्यात सूक्ष्म विद्युत्‌संकेत निर्माण होतात. त्वचेवर इलेक्ट्रोड लावून किंवा स्नायूत बारीक सुई घालून त्यांचा आलेख घेण्याच्या तपासणीस ईएमजी म्हणतात. उदाहरणार्थ, बेळगाव-निपाणी पट्ट्यात विडी वळणाऱ्या स्त्रीच्या बोटाचा एक स्नायू आवळतो, तेव्हा विरोधी स्नायू सैल पडतो. डिस्टोनियात दोन्ही एकाच वेळी आवळतात. पार्किन्सनच्या कंपात ते सेकंदाला ४ ते ६ वेळा, बहुधा आळीपाळीने आवळतात. हातावर पोट असणाऱ्यास हा भेद मोलाचा. कारण दोहोंचे उपचार निराळे. डिस्टोनियात दोषी स्नायू हेरून बोट्युलिनमचे इंजेक्शन देण्यास ईएमजीची मदत होते. उपचारापूर्वीचा व नंतरचा आलेख ताडून गुण किती आला, हेही अजमावता येते.