मेनफ्रेमची शिस्त पीसीवर कशी आली?

मेनफ्रेमवरचा रिलेशनल डेटाबेस टेबलावरच्या पीसीवर कसा उतरला, आणि उतरताना त्याने सोबत काय आणलं, ते आज आपण पाहू.

१९७० साली आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेतले एडगर कॉड यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. माहिती डिस्कवर कशी ठेवली आहे, याच्याशी वापरणाऱ्याला देणंघेणं नसावं, असं त्यांचं म्हणणं. आपण काय हवं ते सांगायचं. कसं शोधायचं ते यंत्रणा ठरवेल. यातून ‘सिस्टिम आर’ हा प्रकल्प उभा राहिला. १९७४ मध्ये चेंबरलिन आणि बॉइस यांनी सीक्वेल ही भाषा मांडली, तीच पुढे एसक्यूएल झाली. मेनफ्रेमसाठी डीबी-टू आयबीएमने जाहीर केलं ते १९८३ मध्ये.

इकडे १९८१ मध्ये आयबीएम पीसी आला, आणि त्यावर डीबेस लोकप्रिय झालं. आता कुणी विचारेल, डीबेसमध्येही तक्ते होतेच की! मग फरक काय?

समजा, एका खात्यातून ५०० रुपये काढून दुसऱ्यात टाकायचे आहेत. पहिल्या खात्यातून वजा झाले आणि तेवढ्यात वीज गेली. त्या काळच्या डीबेसमध्ये पहिली नोंद बदललेली, दुसरी तशीच. हा घोळ प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने निस्तरायचा. मेनफ्रेमच्या पद्धतीत प्रत्येक बदलाची नोंद लॉगमध्ये होते. कमिट झालं तर व्यवहार पक्का. नाही तर यंत्र पुन्हा सुरू होताना अर्धवट काम मागे घेतलं जातं. म्हणजे जबाबदारी माणसाकडून यंत्रणेकडे गेली. आपल्या दृष्टीने खरा मुद्दा हाच आहे.

पण ही शिस्त जड होती. १९८३ मध्ये ओरॅकलची तिसरी आवृत्ती सी भाषेत लिहिली गेली, त्यामुळे तोच डेटाबेस मेनफ्रेमपासून पीसीपर्यंत नेता येऊ लागला. अडचण मेमरीची. डॉसवर प्रोग्रॅमला जागा जेमतेम ६४० केबी! पुढे ८०२८६ प्रोसेसरचा प्रोटेक्टेड मोड आणि १ एमबीच्या वरची मेमरी वापरून ओरॅकलने ही भिंत ओलांडली. आयबीएमनेही ओएस/टू एक्स्टेंडेड एडिशनसोबत स्वतःचा डेटाबेस मॅनेजर दिला.

एवढा खटाटोप कशासाठी? साध्या नावपत्त्यांच्या यादीला डीबेसच हलकं आणि सोयीचं होतं, हे मान्यच करायला हवं. पण मोठ्या यंत्रासाठीचं एसक्यूएल पीसीवर लिहून तपासता येणं, ही प्रोग्रॅमरच्या दृष्टीने मोठी गोष्ट होती. मेनफ्रेमचा महागडा वेळ त्यासाठी खर्ची घालावा लागत नव्हता.

दरम्यान जो तो आपल्या उत्पादनाला ‘रिलेशनल’ म्हणू लागला. तेव्हा १९८५ मध्ये कॉड यांनी ‘कॉम्प्युटरवर्ल्ड’मध्ये चाळणी म्हणून १२ नियम मांडले. मोजणी शून्यापासून, म्हणून भरतात १३!

आज आपल्या फोनमध्ये एसक्यूलाइट नावाचा छोटासा डेटाबेस असतो. त्यातही कमिट आहे, रोलबॅक आहे. बॅटरी मध्येच संपली तरी अर्धवट राहिलेला बदल तो मागे घेतो. एकेकाळी जी हमी मेनफ्रेमच्या खोलीतच मिळायची, ती आता आपण न मागता वापरतो.