इंग्लंडमधील डॉक्टरांची लिंगाधारित वेतन तफावत

इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत स्त्री व पुरुष डॉक्टरांच्या वेतनश्रेणी कागदावर समान आहेत. मिळकतीत मात्र मोठे अंतर आढळते. प्राध्यापिका जेन डेकर यांच्या नेतृत्वाखालील स्वतंत्र पाहणीचा अहवाल डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार रुग्णालयांतील स्त्री डॉक्टरांचे वेतन पुरुषांपेक्षा सरासरी २४.४ टक्क्यांनी कमी होते. अर्धवेळ काम हे त्याचे नेहमी सांगितले जाणारे कारण; परंतु कामाच्या तासांतील फरक वजा केल्यावरही १८.९ टक्के तफावत उरलीच. कुटुंबवैद्यांमध्ये ती १५.३ टक्के होती. वरिष्ठ पदांवर पुरुष अधिक आहेत. शिवाय वेतनश्रेणीच्या पायऱ्या अनेक असल्याने बाळंतपण व संगोपनामुळे सेवेत खंड पडलेली स्त्री वरच्या पायरीवर उशिरा पोहोचते आणि हा उशीर पुढे निवृत्तिवेतनातही उतरतो.