विंचूदंशचिकित्सा, महाड परिसरातील

लाल विंचवाच्या दंशाने होणारे रक्तवाहिन्यांचे अपसामान्य आकुंचन औषधाने कमी करून हृदयाचे रक्षण करण्याची पद्धती रायगड (पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्याच्या महाड-पोलादपूर परिसरात विकसित झाली. दगडांखाली, भिंतींच्या फटींत व पेंढ्याच्या ढिगांत हा विंचू आढळतो. अनवाणी वावरणारे शेतकरी, मजूर व मुले त्याच्या दंशास अधिक बळी पडतात.

विषामुळे स्वायत्त तंत्रिका तंत्र अतिशय उद्दीपित होते. प्रथम ओकाऱ्या, दरदरून घाम व लालास्राव ही लक्षणे दिसतात. नंतर रक्तात कॅटेकोलामाइने मोठ्या प्रमाणात मिसळतात. सूक्ष्म रोहिण्या आकुंचन पावून हातपाय गार पडतात व रक्तदाब वाढतो. या वाढीव रोधाविरुद्ध रक्त ढकलताना डावे निलय दुबळे होते व फुप्फुसांत द्रव साचून (फुप्फुसशोफ) मृत्यू ओढवतो.

पूर्वी अशा रुग्णांना ॲट्रोपीन, स्टेरॉइडे व हिस्टामीनरोधक औषधे देत. परंतु मूळ विकृतीवर त्यांचा उपयोग होत नसे. १९६१–८३ या काळात पश्चिम भारतातील विंचूदंशाच्या रुग्णांत फुप्फुसशोफाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण २५ ते ३० टक्के नोंदले गेले. हिंमतराव बावस्कर हे १९७६ मध्ये बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. आजची महाड औद्योगिक वसाहत याच परिसरात आहे. रुग्णांचे बारकाईने निरीक्षण करून हृदयविकाराची पूर्वसूचक लक्षणे त्यांनी १९८२ मध्ये लॅन्सेट या ब्रिटिश नियतकालिकात मांडली. उच्च रक्तदाबावर वापरल्या जाणाऱ्या प्रॅझोसीन या वाहिनीविस्फारक औषधाचा विंचूदंशातील उपयोग त्यांनी प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह १९८६ मध्ये त्याच नियतकालिकात प्रसिद्ध केला. या उपचारानंतर मृत्यूंचे प्रमाण सु. १ टक्क्यापर्यंत उतरले.

पुढे प्रतिविषाची जोड देऊन ७० रुग्णांवर केलेली तुलनात्मक चाचणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. प्रॅझोसीन व प्रतिविष दोन्ही दिलेल्या ३५ रुग्णांपैकी ३२ रुग्ण दहा तासांत पूर्ण बरे झाले. केवळ प्रॅझोसीन दिलेल्या ३५ रुग्णांत ही संख्या ८ होती. बावस्कर यांना २०२२ मध्ये पद्मश्री देण्यात आली.

प्रॅझोसीन गोळीच्या रूपाने तोंडाने देता येत असल्याने ग्रामीण आरोग्य केंद्रातही हा उपचार शक्य झाला. मात्र फुप्फुसशोफ होण्यापूर्वी रुग्ण तेथे पोहोचणे आवश्यक असते. मंत्रोपचारात गेलेला वेळ म्हणूनच घातक ठरतो.