धम्माचे आवाहन आणि ख्रिस्ती श्रद्धा : गोदातीरावरून एक तौलनिक विचार

परभणी जिल्ह्यातील पाथरी हे गाव इतिहासाच्या अभ्यासकांना अपरिचित नाही. 'आइन-ई-अकबरी'त वऱ्हाड सुभ्यातील एक सरकार म्हणून त्याची नोंद आहे. त्याहीपूर्वीची एक हकीकत फेरिश्ताने नमूद केली आहे. बहामनी सैन्याने विजयनगरच्या स्वारीत एक ब्राह्मण मुलगा पकडून आणला. त्याला मुसलमान करण्यात आले. पुढे तोच मलिक हसन या नावाने बहामनी दरबारात थोर पदाला चढला आणि त्याचा पुत्र अहमद याने १४९० साली निजामशाहीची स्थापना केली. या घराण्याचे पूर्वज पाथरीचे कुलकर्णी होते, असे सांगितले जाते. म्हणूनच बुऱ्हाण निजामशहाने पाथरीसाठी वऱ्हाडच्या इमादशाहीशी वैर पत्करले.

या हकीकतीत धर्मांतर आहे, परंतु आवाहन नाही. त्या बालकाला कोणी काही समजावून सांगितले नाही आणि त्याने काही निवडले नाही. प्रस्तुत लेखात आम्हांला याच्या नेमका उलट प्रश्न विचारात घ्यावयाचा आहे. कोणाचीही तलवार मानेवर नसताना मनुष्य एखाद्या धर्माकडे का ओढला जातो? मराठवाड्यातील अस्पृश्य समाजापुढे गेल्या दीडशे वर्षांत असे दोन मार्ग आले. एक ख्रिस्ती श्रद्धेचा आणि दुसरा भगवान बुद्धांच्या धम्माचा. या दोहोंच्या आकर्षणाचे स्वरूप काय होते, हे आपण निर्मळ मनाने तपासले पाहिजे.

गोदावरीच्या या खोऱ्याशी धम्माचा संबंध किती जुना आहे, हे 'सुत्तनिपाता'तील पारायणवग्गावरून दिसते. अस्सक आणि अळक यांच्या प्रदेशात, गोदावरीच्या काठी बावरी नावाचा वृद्ध ब्राह्मण राहत होता. एका याचकाने त्याच्याकडे पाचशे नाण्यांची मागणी केली. ती पुरी करता न आल्यामुळे, सातव्या दिवशी तुझ्या मस्तकाची सात शकले होतील, असा शाप त्या याचकाने दिला. बावरी भयाने खंगून गेला. अखेर त्याने आपले सोळा शिष्य उत्तरेकडे पाठविले. ते पतिट्ठान म्हणजे आजचे पैठण, माहिस्सती, उज्जेनी अशा मार्गाने जात तथागतांपर्यंत पोहोचले. मस्तक म्हणजे काय आणि ते फुटते कशाने, हा त्यांचा प्रश्न होता. तथागतांनी शापाला उतारा दिला नाही, मंत्र दिला नाही आणि संरक्षणाचे वचनही दिले नाही. अविद्या हेच मस्तक होय; श्रद्धा, स्मृती, समाधी, छंद आणि वीर्य यांनी युक्त अशी विद्या हीच त्याचा भेद करणारी शक्ती होय, असे त्यांनी सांगितले. भयाचा अर्थच बदलला आणि भय नाहीसे झाले. गोदातीरावर धम्माची पहिली हाक आली ती अशी, एका भ्यालेल्या माणसाला समजूत देणारी.

आता दुसऱ्या हाकेकडे वळू. नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने १८४३ साली मुंबईत ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे स्कॉटलंडच्या फ्री चर्च मिशनतर्फे त्यांनी पाथरीच्या वायव्येस असलेल्या जालन्याला आपले कार्यक्षेत्र केले. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून त्यांनी जालन्याजवळ 'बेथेल' ही वसाहत उभारली. तेथे येऊन राहिलेल्यांत मांग आणि महार समाजाची माणसे प्रमुख होती. ज्या काळात गावगाड्यातील अस्पृश्याला स्वतःची जमीन, स्वतःच्या मुलांची शाळा आणि स्वतःचे प्रार्थनास्थळ या गोष्टी स्वप्नातही दिसत नव्हत्या, त्या काळात हे घडले. एक जन्माने ब्राह्मण असलेला मनुष्य मांगवाड्यात येतो, त्यांच्याशी भाऊ म्हणून बोलतो आणि देव तुमच्यावरही प्रेम करतो, असे सांगतो. या एका वाक्याचे त्या काळातील मोल आज आपल्याला कळणे कठीण आहे. ज्यांना देवाने पायापासून निर्माण केले असे सांगितले जात होते, त्यांना कोणी देवाची लेकरे म्हणावे, हे सामान्य आकर्षण नव्हते.

मिशनरी कार्याचे आपल्यावर आणखी एक ऋण आहे, त्याचा उल्लेख न करणे अकृतज्ञपणाचे होईल. गोव्यातील सांखवाळ येथे जन्मलेल्या धर्मानंद कोसंबींना बुद्धचरित्राची पहिली ओढ लागली ती १८९७ साली, 'बालबोधमेवा' या मासिकातील लेख वाचून. हे मासिक अमेरिकन मराठी मिशनचे होते. पुढे कोसंबी सिंहलद्वीपास गेले, त्यांनी पाली आत्मसात केली आणि मराठी वाचकाला तथागतांची ओळख करून दिली. सिंहलद्वीपातही पालीच्या आधुनिक अध्ययनाचा आरंभ करणाऱ्यांत वेस्लियन मिशनरी होते. क्लॉ यांचे पाली व्याकरण १८२४ सालचे आहे. त्याच द्वीपात १८७३ साली पानदुर येथे मोहोट्टिवत्ते गुणानंद थेर आणि ख्रिस्ती धर्मोपदेशक यांच्यात सुप्रसिद्ध वाद झाला. म्हणजे या दोन परंपरा एकमेकींशी झगडल्या आणि एकमेकींकडून शिकल्याही.

दोन्ही आवाहनांतील साम्य आणि भेद एका प्रसंगात फार स्पष्ट दिसतो. तो प्रसंग विहिरीचा आहे, आणि पाणवठ्यावरून हाकलल्या गेलेल्या आपल्या समाजाला तो विशेष जवळचा वाटावा. योहानाच्या शुभवर्तमानात येशू एका शोमरोनी स्त्रीकडे पाणी मागतो. यहूदी आणि शोमरोनी यांचा परस्परांशी व्यवहार नसे, म्हणून ती चकित होते. 'दिव्यावदाना'तील शार्दूलकर्णावदानात भिक्खू आनंद प्रकृती नावाच्या मातंगकन्येकडे पाणी मागतात. ती आपली जात सांगून संकोचते, तेव्हा आपण जात विचारलेली नाही, पाणी मागितले आहे, असे आनंद तिला सांगतात. दोन्ही ठिकाणी धर्माचा प्रतिनिधी याचक होऊन येतो. ज्याच्या हातचे पाणी वर्ज्य, त्याच्याच हातचे पाणी तो मागतो. येथवर दोन्ही कथा बहिणी आहेत.

पुढे मात्र त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. शोमरोनी स्त्रीशी चाललेले संभाषण जिवंत पाण्याकडे आणि ते पाणी देणाऱ्या ख्रिस्ताकडे वळते. शेवटी प्रश्न उरतो तो त्याला ओळखण्याचा आणि त्याच्यावर विश्वास ठेवण्याचा. प्रकृतीच्या कथेत ती संघात प्रवेश करते, त्यामुळे श्रावस्तीत खळबळ माजते आणि राजा प्रसेनजितासह नगरजन जाब विचारावयास येतात. तेव्हा भगवान त्यांना त्रिशंकू या मातंगराजाची कथा सांगतात. हा मातंगराजा आपल्या पुत्रासाठी पुष्करसारी ब्राह्मणाची कन्या मागतो आणि जातिभेद निराधार असल्याचे युक्तिवादाने सिद्ध करतो. एक कथा दात्यापाशी येऊन थांबते, तर दुसरी समाजव्यवस्थेच्या चिकित्सेत शिरते. आमच्या मते दोन्ही आवाहनांतील मूलभूत भेद हाच आहे.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा भेद अचूक ओळखला होता. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला त्यांनी धर्मांतराची घोषणा केली, तेव्हा ख्रिस्ती धर्मोपदेशकांसह अनेकांनी त्यांच्याशी संपर्क साधला. ३१ मे १९३६ च्या मुंबईतील भाषणात त्यांनी धर्मांतराची मीमांसा केली. परंतु अंतिम निर्णयासाठी आणखी वीस वर्षे घेतली. ख्रिस्ती धर्मांतरितांच्या स्थितीवर त्यांनी लिहिलेले निबंध त्यांच्या निर्वाणानंतर, १९८९ साली शासनाने प्रकाशित केलेल्या त्यांच्या लेखन-भाषणांच्या पाचव्या खंडात उपलब्ध झाले. त्यांत मिशनऱ्यांच्या शैक्षणिक व वैद्यकीय सेवेचा गौरव आहे. आणि चर्चमध्येही जात टिकून राहिली, ही खंतही आहे. सर्वांत मर्मभेदी मुद्दा पापाच्या सिद्धान्ताचा आहे. अस्पृश्याला हिंदू धर्म सांगत होता की, तुझी अवस्था तुझ्या पूर्वकर्माचे फळ आहे. ख्रिस्ती धर्मात आल्यावर त्याला सांगण्यात आले की, मनुष्याच्या पतनाचे मूळ पाप आहे. दोन्ही उत्तरांत त्याच्यावर अन्याय करणारी समाजरचना दोषमुक्त राहिली.

१९५० साली महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकात बाबासाहेबांनी बुद्ध आणि त्यांच्या धम्माचे भवितव्य या विषयावर लेख लिहिला. येशूने स्वतःला ईश्वरपुत्र म्हणविले. बुद्धांनी मनुष्यपुत्र यापलीकडे स्वतःसाठी कोणतेही स्थान मागितले नाही. ते मोक्षदाते नव्हेत, मार्गदाते होते. त्याच लेखात धर्माने दारिद्र्याला पावित्र्य देऊ नये, अशी कसोटी त्यांनी घातली. येथे पाली वाङ्मय त्यांच्या बाजूने साक्ष देते. अङ्गुत्तरनिकायातील इणसुत्तात गृहस्थासाठी दारिद्र्य आणि ऋण हे दुःखच होय, असे भगवान स्पष्ट सांगतात. सावकाराच्या वहीखाली पिढ्यानपिढ्या दबलेल्या मराठवाड्यातील कष्टकऱ्याला हे सुत्त समजावून सांगण्यास भाष्यकाराची गरज पडू नये.

तथापि तुलना प्रामाणिक असावयाची तर जेथे ख्रिस्ती श्रद्धेचे आकर्षण अधिक आहे, तेही मान्य केले पाहिजे. लूकच्या शुभवर्तमानात नाईन गावच्या विधवेचा एकुलता एक मुलगा येशू जिवंत करून तिच्या हाती देतो. किसागोतमी मृत बालक घेऊन तथागतांकडे येते, तेव्हा तिला मूल परत मिळत नाही. ज्या घरी कोणी मेले नाही अशा घरची मोहरी आणावयास तिला सांगितले जाते. शोकाकुल मातेला या दोहोंपैकी काय हवे असेल, हे उघड आहे. पुनर्भेटीची आशा ही फार मोठी सांत्वना आहे. परंतु किसागोतमी दारोदार फिरली तेव्हा तिला प्रत्येक उंबरठ्यावर आपलेच दुःख भेटले. ती एकटी राहिली नाही. धम्माने तिला आशेऐवजी सत्य दिले आणि सत्याबरोबर सोबत दिली. हे सांत्वन सावकाश लाभते, पण ते कोणत्याही चमत्कारावर अवलंबून नाही.

यावरून धम्मात श्रद्धेला स्थान नाही, असा निष्कर्ष काही उत्साही मंडळी काढतात. तो चुकीचा आहे. पारायणवग्गाच्या अखेरीस सोळा शिष्यांपैकी वृद्ध पिंगिय गोदातीरी परत येतो. शरीर थकल्यामुळे आपण तथागतांकडे जाऊ शकत नाही, पण मन तेथेच असते, असे तो बावरीला सांगतो. आणि वक्कलीप्रमाणे तूही श्रद्धा जागव, असा भगवंतांचा संदेश त्याला लाभतो. मात्र ही सद्धा पञ्ञेच्या जोडीने चालते. श्रद्धा प्रबळ आणि प्रज्ञा दुर्बल असेल तर मनुष्य भलत्याच ठिकाणी विश्वास ठेवतो. प्रज्ञा प्रबळ आणि श्रद्धा दुर्बल असेल तर तो धूर्ततेकडे झुकतो, असा इशारा आचार्य बुद्धघोषांनी 'विसुद्धिमग्गा'त दिला आहे. दुसरा इशारा आपल्याच काही विद्वानांना उद्देशून लिहिला असावा, असे आम्हांला कधी कधी वाटते.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली. १९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात बौद्धांची संख्या जेमतेम अडीच हजार होती. १९६१ साली ती २७ लाख ८९ हजारांवर गेली. ही वाढ लाभाच्या आशेने झाली, असे म्हणणाऱ्यांनी इतिहास पाहावा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता मर्यादित होता. १९५६ साली त्यात शिखांचा समावेश झाला. बौद्धांचा समावेश होण्यास १९९० साल उजाडावे लागले. महाराष्ट्र शासनाने राज्यपातळीवर सवलती दिल्या, तरी केंद्रीय सवलतींवर आपल्या वाडवडिलांनी पाणी सोडले होते. दलित ख्रिस्ती बांधव तर आजही या दर्जाबाहेर आहेत. धर्मांतर केलेल्या दोन्ही समाजांनी किंमत मोजली आहे. म्हणून ख्रिस्ती झालेल्यांना भाकरीसाठी धर्म सोडणारे म्हणून हिणविणे आपल्याला मुळीच शोभत नाही. तोच आरोप आपल्यावरही झाला होता.

येथे आम्हांला स्वकीयांना एक प्रश्न विचारावासा वाटतो. बेथेलला जाणाऱ्यांत मांग समाज अग्रभागी होता. १९५६ साली मात्र धम्मदीक्षा घेणाऱ्यांत महार समाजाचे प्रमाण प्रचंड होते आणि मातंग समाज बहुतांशी बाहेर राहिला. प्रकृती ज्या कुळात जन्मली, त्या कुळापर्यंत धम्म का पोहोचला नाही? चर्चमध्ये जात उरली, हा आक्षेप आपण घेतो, तो खराच आहे. पण विहार एकाच जातीचा राहिला, तर तोच आक्षेप आपल्या दाराशी येऊन उभा राहतो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात बौद्ध सुमारे ६५ लाख आणि ख्रिस्ती सुमारे १० लाख ८० हजार होते. संख्येने आपण पुढे आहोत. परंतु शेजारच्या वस्तीत जाऊन पाणी मागण्याचे आनंदाचे धैर्य आपण किती वेळा दाखविले, याची मोजदाद कोणतीही जनगणना करीत नाही.

मज्झिमनिकायातील उपालिसुत्त या बाबतीत आपला आदर्श असावे. निगण्ठांचा अनुयायी असलेला उपाली गृहपती वाद करावयास आला आणि भगवंतांचा उपासक होऊ इच्छू लागला. तेव्हा भगवंतांनी त्याला घाई करू दिली नाही; नीट विचार कर, असे सांगितले. त्याच्या दारी आजवर ज्या निगण्ठांना भिक्षा मिळत आली, ती यापुढेही बंद करू नये, असेही बजावले. नवा उपासक मिळत असताना त्याला थांबवून विचार करावयास लावणारा आणि जुन्या गुरूंचे अन्न न तोडणारा शास्ता अन्यत्र दाखविणे कठीण आहे.

धम्माचे आकर्षण येथे आहे. तो मनुष्याला पकडून नेत नाही, भय घालीत नाही, आणि समोरच्याच्या श्रद्धेची विटंबनाही करीत नाही. बावरीने आपले शिष्य पाठविले ते प्रश्न घेऊन. आपणही आपल्या मुलांना विहारात प्रश्न घेऊन पाठवावे, आणि शेजारच्या वाड्यातील मुलांना त्यांच्याबरोबर बसवावे. धम्माचे आवाहन गोदातीरावर पुन्हा ऐकू यावयाचे असेल, तर त्याचा आरंभ येथूनच व्हावा लागेल.